एका मिलिमीटरचा फरक

गावात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं तीन होती. पण डिझेलगाडीवाले बहुतेक सगळे चौकातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात यायचे, आणि ते दुकानासाठी नव्हे, काउंटरमागे उभ्या असणाऱ्या बाईसाठी. तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की मोजपट्टी. तिला ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं.

वय सेहेचाळीस, अंगाने काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिचे वडील लेथवर काम करायचे. शाळा सुटली की ती त्यांच्या मशीनशेजारी स्टुलावर जाऊन बसे, आणि ते तिला डोळे मिटायला लावून हातात दोन बोल्ट देत. "सांग, कुठल्याचे आटे बारीक?" ती अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवी आणि सांगे. दहाव्या वर्षी तिला इंची आणि मिलिमीटरचे आटे नुसत्या नखाने ओळखता येत होते. पुढे लग्न झालं ते शिंप्याशी. त्यामुळे घरात दोघंही मोजणारे. आमटीत मीठ जास्त झालं की कमी, यावरूनही आईबाबा चमचा घेऊन बसतात, असं त्यांची मुलगी मैत्रिणींना सांगत असे.

दुकानात ती अठरा वर्षं होती. मालकांना ती काका म्हणे. काका सत्तरीच्या पुढचे, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. हिवाळाभर हीटरजवळच्या खुर्चीतून हलायचे नाहीत. सगळा कारभार तिच्याकडे. गिऱ्हाइकाने नुसतं "एक फिल्टर द्या" म्हटलं तर ती देत नसे. गाडी कुठली, किती चालली, थंडीत उघड्यावर असते की शेडमध्ये, याआधी काय घातलं होतं, हे सगळं विचारून झाल्याशिवाय तिचा हात रॅककडे जायचा नाही. घाईतली माणसं वैतागायची. पण अठरा वर्षांत तिने दिलेली वस्तू परत आली नव्हती, आणि ही गोष्ट ती बोलता बोलता दिवसातून एकदा तरी सांगत असे.

त्या मंगळवारी दुपारी तारवाला आला. हा विजेच्या तारा दुरुस्त करणारा. स्वतःची जुनी डिझेल पिकअप होती त्याची, टपावर शिडी बांधलेली. थंडी अचानक वाढली होती; तीन दिवसांत पारा शून्याखाली पंधरापर्यंत उतरला होता.

"ताई, ऑइल बदलायचंय. नेहमीचं द्या, पंधरा-चाळीस."

"ते उन्हाळ्याचं झालं."

"वीस वर्षं तेच घालतोय मी."

"आणि वीस वर्षं रोज सकाळी गाडीला शिव्याही घालताय," ती म्हणाली. काउंटरवर तिघंचौघं उभे होते, ते हसले. तारवालाही हसला.

मग तिने त्याला समजावलं. डब्यावरचा पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. पंधरावालं ऑइल रात्रभर गारठलं की काकवीसारखं होतं. चावी फिरवल्यावर ते इंजिनाच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत आतलं लोखंड लोखंडावर कोरडं घासत राहतं. "तुमच्या गाडीच्या पुस्तकात पाच-तीसही चालेल असं लिहिलंय. फक्त डब्यावर डिझेलची खूण हवी, पेट्रोलचं नको. हा घ्या."

तारवाल्याने डबा हातात घेऊन हलवून बघितला, जणू आवाजावरून कळणार होतं. "पाण्यासारखं आहे की हो हे. उद्या सासूबाईंना वरच्या वस्तीवर सोडायचंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. खिंडीत गाडी बंद पडली तर बायको मला घरात घेणार नाही."

"नाही पडणार. माझा शब्द."

"बरं. तुमच्या शब्दावर घेतो. आणि एक फिल्टर द्या, कुठलाही चालेल. सगळे डबे सारखेच की ते."

हे त्याने म्हणायला नको होतं. तिने रॅकवरून दोन खोकी काढली, दोन्ही उघडली आणि दोन निळे फिल्टर काउंटरवर शेजारी शेजारी उभे केले. उंची तीच, रंग तोच, खालची रबरी रिंगही तीच.

"सांगा बघू, तुमचा कुठला?"

कोणालाच सांगता येईना. मग तिने दोन्ही उलटे करून मधली भोकं दाखवली. "याचे आटे इंची, तुमच्या गाडीचे. याचे मिलिमीटरचे. भोकात एका मिलिमीटरचा फरक. आता गंमत ऐका. हा मिलिमीटरवाला तुमच्या गाडीवर चढतो. फिरतो, रबर दाबलं जातं, हाताला घट्टही लागतो. तुम्ही म्हणणार, बसला! पण आत आट्यांनी नुसतं टोकाटोकांनी धरलेलं असतं. गार इंजिनात ऑइलचा दाब चढला, की ठप्प! फिल्टर खाली, आणि मिनिटभरात सगळं ऑइल रस्त्यावर. मग इंजिन जाम."

ती रंगात आली होती. मधेच कोणीतरी विचारलं, मग घट्ट किती करायचा? तिने त्यालाही उत्तर दिलं: रबर टेकल्यापासून पाऊण फेरा, तोही हातानेच. बोलता बोलता तिने दोन्ही फिल्टर खोक्यांत घातले, झाकणं लावली, इंची असं लिहिलेलं खोकं तारवाल्याला दिलं. दुसरं संध्याकाळी पाववाल्याने नेलं. त्याच्या व्हॅनला मिलिमीटरचाच लागायचा.

बुधवारी सकाळी पावणेदहाला पाववाला परत आला. पहाटे तीनला उठून गावभर पाव टाकून झाले होते, डोळे तांबारलेले. त्याने खोकं काउंटरवर ठेवलं.

"ताई, हा चढतच नाही. तोंडच धरत नाही."

"तिरका धरला असेल तुम्ही."

"अर्धा तास धरला सरळ. जुनाच परत लावला शेवटी."

तिने खोकं उघडलं. खोक्यावरचा नंबर बरोबर होता. फिल्टर बाहेर काढून उलटा केला आणि सवयीने अंगठ्याचं नख आत फिरवलं.

नखाला आधी कळलं, डोक्याला नंतर. इंची होता.

क्षणभर तिला वाटलं, खोकीच कारखान्यातून चुकीची भरून आली. मग काल दुपारचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. दोन फिल्टर, दोन खोकी, घट्ट किती करायचा हा प्रश्न, आणि आपले दोन हात. लोकांकडे बघत, न बघता झाकणं लावणारे. पाववाल्याचं काही बिघडलं नव्हतं; मोठ्या नळीवर लहान भोकाचा फिल्टर चढतच नाही. पण उलट चढतो. छान चढतो. कालच सांगितलं होतं तिने.

तिने घड्याळाकडे बघितलं आणि तारवाल्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग त्याच्या घरी लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"निघाले की. अर्धा तास होत आला. का हो ताई?"

"काही नाही, फिल्टरचं जरा..." ती थांबली. असं बोलून चालणार नव्हतं. "मी त्यांना चुकीचा फिल्टर दिलाय. वाटेत सुटू शकतो. तुमचा फोन लागला तर सांगा, आहे तिथे गाडी उभी करा आणि इंजिन बंद करा."

बायको म्हणाली, "माझी आई आहे त्या गाडीत."

"मला माहीत आहे. मी बघते. तुम्ही फोन लावत राहा."

फोन ठेवला तेव्हा काका हीटरजवळून तिच्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बस जरा," ते हळूच म्हणाले. "सकाळी गाडी चालू झाली, गावातून बाहेर गेली. म्हणजे धरलाय त्याने. धरेलही वरपर्यंत. आणि नाहीच धरलं, तर लावला कोणी? त्याने. त्याच्या अंगणात, त्याच्या हाताने. खोक्यात काय होतं ते कारखान्यालाच माहीत. आपण म्हणू, असंच आलं होतं."

"काका, मी ठेवलेत उलटे. काल चारजणांसमोर."

"त्या चारांना काय कळलं? कोणाच्या लक्षात आहे?"

काका वाईट नव्हते. तिला वाचवायलाच बघत होते. आणि सर्वांत वाईट हे, की क्षणभर तिला ते पटलंही. धरेल की. सकाळपासून धरलंय ना. मग तिला खिंडीखालचा चढ आठवला. तिथे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते, इंजिनाचे फेरे वाढतात आणि फेऱ्यांबरोबर दाब.

तिने इंची फिल्टर उचलला. पाच-तीसचा डबा, चिंध्या, फिल्टर काढायचा पट्टा, हातमोजे सगळं एका पिशवीत कोंबलं. पाववाला अजून तिथेच उभा होता. तो काही विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, व्हॅनमध्ये डिझेल आहे?"

"आहे. कुठवर?"

"खिंडीच्या फाटकापर्यंत."

त्याने एक जांभई दिली, ती हाताने अर्धवट दाबली आणि म्हणाला, "चला."

व्हॅनमध्ये पावाचा वास होता आणि मागे रिकामे ट्रे खडखडत होते. गाव संपलं तसा रस्ता नदीच्या कडेने चढू लागला. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधे काळपट रस्ता, त्यावर वाळू. पाववाला जमेल तितकी जोरात हाकत होता. पण जुनी व्हॅन चढावर धापा टाकत होती. ती दर मिनिटाला फोन लावत होती. तीन वळणांनंतर फोनवरची शेवटची रेघही गेली.

"एवढं काय होईल हो?" पाववाल्याने विचारलं. "इंजिन बसेल, आणखी काय? माणसांना तर काही होणार नाही."

"वर उणे अठरा आहे. इंजिन बसलं की केबिनमधली ऊबही बसली. सत्तर वर्षांची बाई, डोळ्याला पट्टी. फोन लागत नाही. गाड्या किती जातात दिवसातून वर?"

पाववाल्याने गिअर बदलला आणि व्हॅन किंचाळली.

पुलानंतरच्या वळणावर ती एकदम ओरडली, "थांबा! थांबा जरा!"

रस्त्याच्या मधोमध काळा डाग होता. ताटाएवढा. ती व्हॅन नीट थांबायच्या आत उतरली, धावत गेली, गुडघ्यावर बसली आणि हातमोजे काढून बोट लावलं. बोट गारठ्याने चरचरलं. तिने वास घेतला. काळं, घट्ट, जुनं. कुठल्यातरी ट्रकचं, केव्हाचं तरी. आत्ता सांडलेलं पाच-तीस पातळ आणि निसरडं असतं. तासाभरात त्यावर वाळू-धुळीचा असा थर बसत नाही. पुढचा सगळा रस्ता ती डांबराकडेच बघत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

फाटकावर एक टपरीवजा खोली होती. आत फाटकवाला, लोखंडी शेगडी आणि टेबलावर वायरलेस. त्याने खिडकी सरकवली.

"चाकांना बर्फात लावायच्या साखळ्या नाहीत. पुढे जाता येणार नाही."

"पिकअप गेली का? टपावर शिडी होती. एक म्हातारी बाई होती आत."

"गेली की. साखळ्या चढवायला थांबली होती इथे. निघून बारा मिनिटं झाली असतील."

तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. फाटकवाला कमी बोलणारा माणूस होता. त्याने वायरलेस उचलला आणि वर खिंडीत बर्फ काढणाऱ्या मशीनवाल्याला हाक मारली.

"शिडीवाली पिकअप दिसली का?"

खरखर झाली. मग आवाज आला, "नाही अजून."

"दिसली की अडव."

ती शेगडीपुढे उभी होती, पण ऊब अंगाला लागत नव्हती. फाटकापासून मशीनपर्यंत पाच वळणं. बारा मिनिटांत गाडी तिथे पोचायला हवी होती. फाटकवाल्याने चहा विचारला, तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. पाववाला दाराला टेकून उभ्याउभ्याच पेंगत होता. भिंतीवरचं घड्याळ एक एक सेकंद मोठ्याने मोजत होतं. चौदा मिनिटं झाली. सोळा. तिला सारखं ते एकच दिसत होतं: वळणावर तिरकी उभी गाडी, तिच्याखाली पसरत जाणारं ऑइल.

"आली," वायरलेस म्हणाला. "हळूहळू येत होती. थांबवली."

तिने टेबल घट्ट धरलं.

"इंजिन बंद करायला सांग," फाटकवाला म्हणाला.

थोडा वेळ गेला. "नाही म्हणतोय. म्हणतो, गाडी छान चाललीये, आत आजीबाई आहेत, एवढ्या गारठ्यात इंजिन कशाला बंद करू? कोण सांगतंय, म्हणून विचारतोय."

फाटकवाल्याने वायरलेसचा माइक तिच्यापुढे धरला. "तुम्हीच बोला. हे बटण दाबून. पण सांगून ठेवतो, रस्त्यावरच्या सगळ्या ट्रकांना ऐकू जातं हे. बस डेपोतसुद्धा."

तिने बटण दाबलं.

"भाऊ, मी बोलतेय. दुकानातली."

"ताई? तुम्ही कुठे?"

"फाटकावर. नीट ऐका. काल मी दोन फिल्टर दाखवले होते ना? त्यातला जो सुटून पडतो म्हणाले, तोच तुमच्या गाडीला लागलाय. खोक्यांत मी उलटे ठेवले. कारखान्याची चूक नाही, तुमची नाही. माझी आहे. इंजिन लगेच बंद करा."

खरखर. मग तारवाल्याचा आवाज, आधीपेक्षा कोरडा. "ऑइलचा लाल दिवा लागलेला नाही."

"दिवा लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

"आणि बंद केल्यावर पुन्हा चालूच झाली नाही तर? म्हातारं माणूस घेऊन मी काय करू इथे?"

"त्यांना मशीनच्या केबिनमध्ये बसवा. बरोबरचा फिल्टर माझ्या हातात आहे. मी येतेय."

"कालपण तुमच्याच शब्दावर घेतलं होतं, ताई."

तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला. खोलीत आणि खाली गावापर्यंतच्या सगळ्या ट्रकांत नुसता तिचा श्वास ऐकू जात असणार. तिने बटण सोडलं, तसा लांबून एक बारीक पण खणखणीत आवाज आला. मशीनवाल्याच्या वायरलेसजवळ कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"जावईबापू, आधी गाडी बंद करा ती. भांडण काय, नंतर करता येतं."

पुन्हा खरखर. मग मशीनवाला म्हणाला, "बंद केली."

वाळू टाकणारा ट्रक तेवढ्यात खालून आला. त्याच्या चाकांना साखळ्या होत्या. ट्रकवाल्याने तिच्याकडे बघून दार उघडून दिलं. त्यानेही ऐकलंच होतं. वाळू टाकत पाच वळणं चढायला वीस मिनिटं लागली. प्रत्येक मिनिटाला तिकडे इंजिन गार होत होतं, आणि आपण सांगितलं म्हणून होत होतं, हे ती मोजत बसली.

पिकअप कड्याच्या बाजूला उभी होती, बॉनेट उघडं. तारवाला चाकाजवळ. त्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. आजीबाई मशीनच्या उंच केबिनमध्ये, कांबळ्यात गुरफटलेल्या, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. दुसऱ्या डोळ्याने त्या सगळं निरखत होत्या.

मशीनवाल्याने एक पुठ्ठा दिला. तो बर्फावर टाकून ती गाडीखाली सरकली. फिल्टर बाजूलाच होता. तिने चिंधी फिरवली. एका बाजूचं रबर बाहेर फुगलं होतं, आणि त्या फुगवट्याखाली ऑइलचा थेंब लोंबत होता. तो पडला, त्याच्या जागी दुसरा आला.

पट्ट्याची गरजच पडली नाही. फिल्टर निघायला नेहमी पाच-सहा फेरे लागतात. हा दीड फेऱ्यानंतर हातातच आला, सैल झाकणासारखा. कोमट ऑइल मनगटावरून बाहीत गेलं. तिने नळीच्या आट्यांवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. शाबूत होते. जे घासलं होतं ते फिल्टरच्या आतलं. आट्यांची नुसती टोकं चकाकत होती.

ती बाहेर आली आणि फिल्टर तारवाल्याला दाखवला. त्याने तो हातात घेतला, आत बोट घालून बघितलं, फुगलेलं रबर दाबून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काकवीवालं ऑइल असतं तर अंगणातच उडाला असता हा," तारवाल्याकडून ऑइलचं सगळं ऐकलेला मशीनवाला तिची बाजू घेत म्हणाला. "पातळ होतं म्हणून दाब कमी राहिला. ताईंनी सांगितलेलं ऑइलच कामाला आलं म्हणायचं."

"असं म्हणू नका," ती म्हणाली. "अंगणात उडाला असता तर बरं झालं असतं. घरापाशी तरी असते सगळे."

तिने पिशवीतून नवा फिल्टर काढला, रबराला बोटाने ऑइल लावलं आणि पुन्हा गाडीखाली जायला वाकली.

"द्या इकडे," तारवाला म्हणाला. "मी लावतो."

तिने दिला. त्याने फिल्टर उलटा केला, आटे बघितले. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. पण तो गाडीखाली गेला, फिल्टर नळीवर धरला आणि मोठ्याने फेरे मोजू लागला. "एक. दोन. तीन." सहाव्या फेऱ्याला तो थांबला. "टेकला."

"आता पाऊण फेरा. हातानेच."

"माहीत आहे," तो खालून म्हणाला.

त्यांनी ऑइल भरलं. सव्वा लिटर गेलं. तिने ऑइल मोजायची दांडी पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा पुसली. मग तारवाला गाडीत बसला, चावी अर्धी फिरवून, इंजिन आतून तापल्यावर विझणाऱ्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहिला. जवळजवळ तासभर गाडी गारठ्यात उभी होती. तिने खिडकीची कड धरली.

चावी फिरली. इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा कण्हलं, आणि धुराचा लोट सोडून चालू झालं. पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा तसाच होता. नवा फिल्टर रिकामा असतो, तो भरेपर्यंत दिवा राहतो, हे तिने शेकडो लोकांना सांगितलं होतं. एक, दोन, तीन. तारवाल्याचा हात चावीवर गेला. चार. "थांबा," ती म्हणाली. पाच.

दिवा विझला.

ती पुन्हा पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि खालून बघत राहिली. तारवाल्याने इंजिनाचे फेरे वाढवले, कमी केले, पुन्हा वाढवले. फिल्टरखाली चिंधी धरून तिने पाच मिनिटं काढली. चिंधी कोरडी राहिली.

आजीबाईंना दोघांनी धरून खाली उतरवलं. पिकअपमध्ये बसता बसता त्यांनी तिचं मनगट पकडलं, ऑइलने भरलेलं, आणि स्वतःच्या शालीलाच पुसलं. "केवढे गार हात गं. हातमोजे कुठायत तुझे?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की हातमोजे पुलाजवळच्या वळणावर राहिले.

तारवाल्याने दार लावलं. काच थोडी खाली केली. मग ती वर करून तो निघाला. पिकअप वळणापलीकडे जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग मशीनवाल्याने विचारलं, चहा घेणार का, आणि या वेळी ती हो म्हणाली.

गावात ती पोचायच्या आधीच सगळी हकीकत पोचली होती. बस डेपोतल्या माणसांनी ती चौकात आणली आणि चौकातून ती घरी, नवऱ्याच्या शिलाई मशीनपर्यंत. नवऱ्याचा फोन आला. त्याने एवढंच विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. "डबा घेऊन येतो," तो म्हणाला.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. ती वाकून आत गेली. काका खुर्चीत नव्हते. ते काउंटरवर होते, चष्मा नाकावर, समोर फिल्टरांची खोकी रचलेली. रॅकचे वरचे दोन कप्पे रिकामे होते. वाकड्या बोटांनी ते एकेक झाकण उघडत होते, आणि ते काही त्यांना धड जमत नव्हतं.

"सोडलं त्याने वर?" काकांनी विचारलं.

"हो. डेपोत वायरलेसवर निरोप आलाय आत्ता. पोचले," ती म्हणाली.

काका काही वेळ झाकणाशी झटापट करत राहिले. "कालपासून तुझा हात आणखी कुठे कुठे गेला असेल, काय माहीत," ते म्हणाले. "म्हटलं, सगळीच उघडू. नंबर मी वाचतो. आटे तू बघ. माझ्या नखांना आता कळत नाही."

दोनशे बारा खोकी होती. ती स्टूल ओढून बसली. काका नंबर वाचायचे, ती फिल्टर काढायची, नख फिरवायची, सांगायची, पुन्हा खोक्यात घालायची. पण आता प्रत्येक वेळी खोक्याकडे बघत, झाकण लावेपर्यंत नजर न हलवता. काकांनाही ते दिसत होतं. नवरा डबा घेऊन आला, त्याने दोघांकडे बघितलं, आणि तो तपासून झालेल्या खोक्यांची रांग लावून द्यायला खाली बसला.

मधे कोणीतरी शटरवर थाप मारली. "ताई, वायपरची पट्टी हवी होती!"

"उद्या या," काका आतून ओरडले. मग तिच्याकडे वळून, खोकं डोळ्यांजवळ नेत, ते पुढचा नंबर वाचू लागले.